भिंतीआडचा कारभारी

मराठीत ‘व्यवस्थापक’ हा शब्द तसा अलीकडचा. त्याआधी आपल्याकडे कारभारी होता, दिवाणजी होता, फडणीस होता. पेढीवर मुनीम, गिरणीत जॉबर आणि बांधकामावर मुकादम होता. पुणे हे तर कारभाऱ्यांचेच गाव. पेशवाईत तलवारीला मान होता तसा दौतीलाही होता, आणि नाना फडणीसांनी समशेर न गाजवता पाव शतक दौलत सावरून धरली ती हिशेबाच्या, बातमीच्या आणि माणसांची पारख करण्याच्या बळावर. तेव्हा कारभार ही विद्या आपल्याला इंग्रजी पुस्तकांतून कळली असे मानण्याचे कारण नाही. तिचे शास्त्र मात्र बाहेर रचले गेले, हे कबूल केले पाहिजे.

हे शास्त्र काय सांगते? आंरी फायोल या फ्रेंच खाण-अभियंत्याने १९१६ साली कारभाराची पाच अंगे सांगितली: पुढचे पाहून आखणी करणे, साधनांची व माणसांची जुळणी करणे, हुकूम देणे, निरनिराळ्या कामांचा मेळ घालणे आणि शेवटी ठरल्याप्रमाणे झाले की नाही ते तपासणे. पुढे १९५५ मध्ये रॉबर्ट कात्झ या अमेरिकन लेखकाने हार्वर्डच्या व्यापारविषयक नियतकालिकात लिहिलेल्या लेखात हीच गोष्ट कारभाऱ्याच्या बाजूने मांडली. चांगल्या कारभाऱ्याला तीन प्रकारचे कौशल्य लागते, असे त्याचे म्हणणे. पहिले हातातल्या कामाच्या तंत्राचे. दुसरे माणसांबरोबर आणि माणसांकडून काम करून घेण्याचे. आणि तिसरे, सबंध उद्योग एका नजरेत घेऊन त्याचा एक भाग हलला की दुसरा कोठे हलेल हे ओळखण्याचे. जगभरच्या व्यवस्थापनाच्या वर्गांत ही त्रयी आजही शिकवली जाते.

परंतु या कौशल्यांची परीक्षा घ्यायची कशी? कारखान्याच्या कार्यालयात बसलेल्या माणसाचे काम सुरळीत चालते ते त्याच्या कौशल्यामुळे की त्याच्या खुर्चीमुळे, हे बाहेरून सांगता येत नाही. पगार त्याच्या हाती, बढती त्याच्या हाती, काढून टाकणेही त्याच्याच हाती. ज्याच्यापाशी इतके सारे आहे त्याचा शब्द लोक झेलतात यात नवल ते काय? कसोटी पाहावयाची तर खुर्ची काढून घेतली पाहिजे. पैसा, हुकूम, प्रवास, भेटीगाठी हे सारे एकदम बंद केले पाहिजे, आणि मग त्या माणसाचा उद्योग चालतो की बुडतो ते पाहिले पाहिजे. असा प्रयोग कोणी मुद्दाम करीत नाही. पण इतिहासाने तो एकदा केला, आणि तो पुण्यापासून हाकेच्या अंतरावर, मुळा-मुठेच्या पलीकडच्या काठावर, येरवड्यात केला.

बंडगार्डनचा पूल ओलांडला की येरवडा लागते. आज तेथे काचेच्या उंच इमारती आहेत आणि त्यांत संगणकावर काम करणारी हजारो तरुण माणसे आहेत. त्या इमारतींच्या कितीतरी आधी, १८७१ साली, येरवड्याचा मध्यवर्ती तुरुंग उभा राहिला. या तुरुंगाचे नाव काढले की आपल्याला आठवतो तो सप्टेंबर १९३२ मधला उपवास आणि २४ सप्टेंबरचा पुणे करार. ते योग्यच आहे. मात्र त्याच भिंतींआड घडलेली दुसरी एक गोष्ट त्या मोठ्या घटनेच्या सावलीत झाकून गेली आहे. गांधीजी येरवड्यात मुख्यतः तीनदा राहिले: मार्च १९२२ पासून जानेवारी १९२४ पर्यंत, मे १९३० पासून जानेवारी १९३१ पर्यंत, आणि जानेवारी १९३२ पासून मे १९३३ पर्यंत. या तीन मुक्कामांचे वर्णन राजकीय इतिहासकार ‘सक्तीची विश्रांती’ या सदरात करून मोकळे होतात. पण या माणसाच्या मागे बाहेर एक अवाढव्य उद्योग होता. त्यात कापूस घेणे, पिंजणे, कातणे, विणणे, रंगवणे आणि विकणे ही सारी अंगे होती. त्या उद्योगाचे काय झाले, आणि भिंतीआडून त्याच्यासाठी काय झाले, हा आजचा विषय आहे.

१

एप्रिल १९२१ च्या आरंभी बेझवाड्याला काँग्रेसच्या महासमितीने तीन आकडे जाहीर केले होते: टिळक स्वराज्य निधीसाठी एक कोटी रुपये, एक कोटी सभासद आणि वीस लाख चरखे. मुदत ३० जूनची. आज ज्याला ‘टार्गेट’ म्हणतात ते हेच. निधी जमला, चरखेही पुष्कळ फिरू लागले. पण चरखा फिरणे आणि सूत निघणे यांत अंतर असते, आणि निघालेले सूत विणकराने मागावर चढवणे हे त्याहून पुढचे अंतर. विणकर हाताचे सूत घेईनात. ते तुटते, कोठे जाड तर कोठे बारीक असते, अशी त्यांची तक्रार होती, आणि ती खरी होती.

मार्च १९२२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन गांधीजी येरवड्यास आले, तेव्हा त्यांच्याबरोबर शंकरलाल बँकर हे गृहस्थही एक वर्षाची शिक्षा घेऊन आले होते. ‘यंग इंडिया’चे मुद्रक-प्रकाशक म्हणून त्यांच्यावर खटला झाला होता. या मुक्कामात गांधीजींनी दिवसाची विभागणी केली होती. सुमारे सहा तास वाचन-अभ्यास आणि चार तास कातणे व पिंजणे. यातले पिंजणे महत्त्वाचे. ज्याने कधी सूत काढले आहे त्याला ठाऊक असते की धाग्याचा गुण चातीवर ठरत नाही. तो पेळूत ठरतो. कापूस नीट पिंजला नसेल, पेळूत गाठी किंवा कचरा राहिला असेल, तर कितीही कुशल हात असला तरी धागा तुटायचाच. म्हणजे विणकराच्या मागावर दिसणारे दुखणे दोन पायऱ्या मागे, पिंजणाच्या दोरीपाशी, सुरू झालेले असते.

सूत्रांच्या भाषेत हे तंत्राचे ज्ञान झाले. पण ते नुसते माहितीचे ज्ञान नव्हते. देशातल्या सर्वांत मोठ्या चळवळीच्या पुढाऱ्याने रोज चार तास एखाद्या पिंजाऱ्याचे आणि कातकऱ्याचे काम करावे, हे पाहून सहजच वाटते की हा व्रताचा भाग असेल. तो होताच. पण व्रतातून एक व्यावहारिक फळ निघाले. आठ तासांत एक सरासरी बाई किती सूत काढू शकेल, तिची कंबर केव्हा दुखू लागेल, चाती कितीदा वाकडी होईल, हे या माणसाला आता कोणाच्या अहवालावरून कळून घ्यावे लागणार नव्हते. १९२५ च्या सप्टेंबरात पाटण्याला अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. गांधीजी अध्यक्ष, वर्ध्याचे जमनालाल बजाज कोषाध्यक्ष, आणि चिटणिसांत येरवड्याचे सोबती शंकरलाल बँकर. संघाच्या पहिल्या वर्गाच्या सभासदाची वर्गणी रुपयांत ठेवली नव्हती; दरमहा स्वतः कातलेले हजार वार सूत अशी ती होती. ज्या कामावर देखरेख करावयाची ते काम महिन्यातून काही तास तरी हाताखालून गेलेच पाहिजे, असा याचा अर्थ. एखाद्या साखर कारखान्याच्या संचालकाने दरमहा एक दिवस ऊस तोडावा किंवा बँकेच्या संचालकाने खिडकीवर बसून पासबुके भरावीत, असा नियम आपल्याकडे आहे काय?

२

जुलै १९२९ मध्ये चरखा संघाने एक बक्षीस जाहीर केले. एक लाख रुपयांचे! त्या काळी ही रक्कम ऐकून भले भले कारागीर चकित झाले असतील. सुधारलेला चरखा करून द्यावयाचा होता. बक्षिसापेक्षा त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलके, उचलून नेण्याजोगे आणि खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालणारे असावे. सामान्य श्रमाने एका बाईला त्यावर सलग आठ तास काम करता यावे. आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६ हजार फूट सूत निघावे. हिंदुस्थानात ते करावयाचा खर्च १५० रुपयांवर जाऊ नये. अधूनमधून दुरुस्ती करून ते वीस वर्षे चालावे. आणि दरसाल दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीच्या शेकडा पाचांहून अधिक नसावा. यंत्रे तपासणीसाठी साबरमतीस पाठविण्याची मुदत ऑक्टोबर १९३० ची.

या अटींवर क्षणभर थांबू. ‘उत्तम चरखा करा’ एवढेच म्हणून भागले असते, आणि बहुतेक समित्या तेवढेच म्हणतात. येथे उत्तम म्हणजे काय ते मोजून सांगितले आहे. खादीच्या मापात ६४० तारांची एक गुंडी, तार चार फुटांची; म्हणजे १६ हजार फूट या सव्वासहा गुंड्या झाल्या. तासाला दोन हजार फूट, म्हणजे साडेसहाशे वारांहून थोडे अधिक. चांगला हात साध्या चरख्यावर तासात याच्या निम्म्याच्या आसपास पोचे. तेव्हा मागणी अवास्तव नव्हती, पण सोपीही नव्हती. पुढे पाहा. यंत्राची किंमत सांगितली, तसे त्याचे आयुष्यही सांगितले. आयुष्य सांगितले, तसा दुरुस्तीचा खर्चही बांधून दिला. यंत्र घेताना त्याची किंमत विचारणारे पुष्कळ असतात. पंधराव्या वर्षी त्याला काय खर्च येईल हे विचारणारा विरळा. आणि या साऱ्यांच्या मध्यभागी ती ‘सामान्य श्रमाने आठ तास’ ही अट. यंत्राची चाल माणसाच्या दमावरून ठरावी, माणसाचा दम यंत्राच्या चालीवरून ठरू नये, हे त्या एका अटीत आले.

मुदत संपली तेव्हा गांधीजी येरवड्यात होते. मिठाच्या सत्याग्रहात ५ मे १९३० रोजी पहाटेच्या आत त्यांना कराडीहून उचलून येथे आणले होते. सोबतीला काही महिन्यांनी काकासाहेब कालेलकर आले. बक्षिसासाठी देशोदेशींचे कारागीर डोके खाजवीत असताना इकडे कैद्याच्या कोठडीत एक दुसराच चरखा आकाराला येत होता. जुन्या चरख्याचे चाक मोठे असे, कारण चातीला गती द्यावयाची तर चाक मोठेच हवे. एका मोठ्या चाकाऐवजी दोन लहान चाके, एकाची माळ दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची चातीवर, अशी जोडणी केली तर गती तीच राहते आणि जागा कितीतरी वाचते. दोन्ही चाके आडवी एका पेटीत बसवली, चाती घडी करून आत ठेवली, की झाकण लावून हातात धरून नेता येते. हाच पेटी-चरखा, ज्याला पुढे ‘येरवडा चक्र’ म्हणू लागले. प्रवासात, सभेत, आगगाडीच्या डब्यात आणि पुढच्या तुरुंगवाऱ्यांत हजारो लोकांच्या हाती तो दिसला. सुधारणेचा जन्म अडचणीतून होतो असे आपण म्हणतो. येथे जागेची अडचण अक्षरशः चार भिंतींची होती.

आणि लाखाचे बक्षीस? आपल्या किर्लोस्करवाडीने ते आव्हान घेतले होते. लोखंडी नांगराने नाव कमावलेल्या त्या कारखान्यात काळे या कारागिराने रचलेले यंत्र तयार झाले, साबरमतीस गेले आणि तेथे त्याची तपासणी झाली. काम नामी होते, असे पाहणारे म्हणत. पण सगळ्या अटी त्याने पुऱ्या केल्या नाहीत, आणि बक्षीस त्याला मिळाले नाही. ते कोणालाच मिळाले नाही. अटी आधी लिहावयाच्या, आणि मग समोर आलेले यंत्र आवडले म्हणून त्या सैल करावयाच्या नाहीत, ही शिस्त संघाने पाळली. किर्लोस्करवाडीच्या मंडळींना ते कडू लागले असणार. पण कंत्राटाच्या अटी माणूस पाहून बदलण्याची आपल्याकडची रीत ज्याने पाहिली आहे त्याला या कडूपणाची किंमत कळेल.

३

आता माणसांकडे वळू. तुरुंगात असलेल्या कारभाऱ्याला माणसांशी बोलण्याचे साधन एकच: पत्र. तेही तपासून जाणारे, आणि राजकारणाचा शब्द न काढण्याच्या अटीवर. साबरमती आश्रमाचा कारभार त्या वर्षांत नारणदास गांधी पाहत. त्यांना येरवड्याहून आठवड्याच्या आठवड्याला पत्रांचे जाड पुडके जाई. २२ जुलै १९३० पासून त्यात दर मंगळवारी पहाटे लिहिलेले एकेका व्रतावरचे विवेचनही असे; त्याचेच पुढे ‘मंगल प्रभात’ हे पुस्तक झाले. आश्रमातल्या मुलांना, आजाऱ्यांना, रुसलेल्यांना वेगळाल्या चिठ्ठ्या जात. पण निर्णय कोणाचा? नारणदासांचा. सल्ला येरवड्याहून जाई, जबाबदारी साबरमतीला राही. लांबून हुकूम सोडणारा वरिष्ठ जागेवरच्या माणसाचे हात बांधून टाकतो आणि वर त्यालाच दोष देतो. येथे तसे झाले नाही, म्हणून शेकडो मैलांवरचा आश्रम वडीलधाऱ्यांविना उभा राहिला.

१९३२ मध्ये वल्लभभाई पटेल आणि थोड्याच दिवसांत महादेवभाई देसाई असे दोघे गांधीजींबरोबर एका यार्डात होते. महादेवभाईंची रोजनिशी त्या दिवसांची साक्ष आहे. खेड्याच्या आणि बारडोलीच्या लढ्यांत हजारो शेतकऱ्यांना एका सुतात ओवणारे वल्लभभाई येथे काय करीत? आलेल्या टपालाच्या रद्दी कागदांची पाकिटे करीत, आणि पंडित सातवळेकरांच्या पुस्तकांवरून संस्कृत शिकत. ही गोष्ट कौतुकाने सांगण्यात येते. पण हिशेबी माणूस तिच्यात आणखी काही पाहील. पत्रव्यवहार हेच ज्या कचेरीचे मुख्य काम, तिचा पाकिटांचा खर्च शून्यावर आला होता.

त्याच मुक्कामात एक साप्ताहिक निघाले. उपवासानंतर अस्पृश्यतानिवारणाच्या कामापुरती लेखनाची मुभा सरकारने दिली, आणि ११ फेब्रुवारी १९३३ रोजी पुण्याहून इंग्रजी ‘हरिजन’चा पहिला अंक बाहेर पडला. संपादक आर. व्ही. शास्त्री, मजकुराचा मोठा भाग येरवड्याच्या कोठडीतून. आरंभी दहा हजार प्रती, आणि तीन महिन्यांत पत्र स्वतःच्या पायावर उभे राहिले नाही तर ते बंद करावयाचे, अशी अट गांधीजींनी घातली. सत्कार्याचे पत्र आहे म्हणून ते देणग्यांवर जगवावयाचे नाही. वाचकाला हवे असेल तर तो पैसे देईल, नको असेल तर ते निघूच नये. मराठी नियतकालिकांच्या इतिहासात या एका अटीअभावी किती मंडळी कर्जात बुडाली, हे दिवाळी अंकाच्या वाचकांना मी सांगावे असे नाही.

त्या पहिल्या अंकासाठी डॉ. आंबेडकरांकडे संदेश मागितला होता. त्यांनी संदेश दिला नाही, निवेदन पाठविले. अस्पृश्यता ही जातिव्यवस्थेची उपज आहे, जाती राहतील तोवर बहिष्कृतही राहतील, असा त्याचा आशय. गांधीजींच्या मताला हे सरळ छेद देणारे होते. ते पहिल्याच अंकात छापले गेले, आणि त्याच्या शेजारी उत्तरही छापले. त्या वादात न्याय कोणाच्या बाजूला होता याचा निवाडा पुढच्या काळाने बराचसा आंबेडकरांच्या बाजूने केला आहे. येथे सांगावयाचे ते एवढेच की ज्या उद्योगात विरोधी मत पहिल्या अंकात छापता येते, तेथे खालच्या माणसाला वाईट बातमी वर सांगताना भीती वाटत नाही. आणि ज्या कारभाऱ्यापर्यंत वाईट बातमी पोचत नाही त्याचा कारभार किती दिवस टिकतो?

४

मघाशी खुर्ची काढून घेण्याविषयी बोललो. गंमत अशी की त्याच आवारात दुसरा एक कारभारही चालू होता, आणि त्याच्यापाशी खुर्चीखेरीज दुसरे काही नव्हते. येरवड्याचा तुरुंग हा स्वतःच एक कारखाना होता. त्याच्या छापखान्यात सरकारी कागद छापले जात. जुन्या सरकारी प्रकाशनांवर ‘येरवडा प्रिझन प्रेस’ ही अक्षरे अजून दिसतात. कैद्याला रोजचे काम नेमून दिलेले, ते पुरे झाले की नाही हे पाहणारा पहारेकरी, वागणूक चांगली असेल तर शिक्षेत सूट, नसेल तर शिक्षेवर शिक्षा. हजेरी शंभर टक्के, संप शून्य, मजुरीचा प्रश्न नाही. हुकमाच्या बळावर उद्योग उत्तम चालतो हे खरे असते तर जगातले सर्वांत भरभराटीचे कारखाने तुरुंगांतच असते.

गांधीजींनी हा कारभार आतून पाहिला, आणि त्यात सुधारणा सुचविल्या. अंगावर पडणारे, न परवडणारे उद्योग बंद करावेत. कापूस पिकवण्यापासून उत्तम कापड विणण्यापर्यंतचे काम तुरुंगात सुरू करावे. त्यातून तुरुंगाने बहुतांशी आपला खर्च भागवावा. आणि कैद्याला गुन्हेगार न समजता उणीव राहिलेला माणूस समजावे, पहारेकऱ्याने त्याचा मित्र व्हावे. पहिल्या सूचना जमाखर्चाच्या आहेत आणि शेवटची माणुसकीची. त्यांना त्या वेगळ्या वाटत नव्हत्या. शिकण्याची इच्छा नसलेला हात कधीच चांगले सूत काढणार नाही, हे चार तासांच्या कातण्याने त्यांना पटले होते.

५

आतापर्यंतच्या गोष्टी कौशल्याच्या झाल्या. पण कौशल्य कशासाठी, हा प्रश्न उरतोच. तो १९३५ साली पुढे आला, आणि तेव्हा कोणत्याही तुरुंगाच्या भिंती आड नव्हत्या.

खादी महाग, गिरणीचे कापड स्वस्त. खादी खपवावयाची तर तिचा भाव उतरवला पाहिजे, आणि भाव उतरवावयाचा तर सूत स्वस्त घेतले पाहिजे. वर्षानुवर्षे संघाच्या शाखा याच हिशेबाने चालल्या होत्या, आणि एका शाखेने दुसरीपेक्षा स्वस्त खादी काढली की तिचे कौतुक होई. या कौतुकाचा पैसा कातणाऱ्या बाईच्या खिशातून जात होता. दिवसभर चरखा फिरवून तिला एक-दीड आणाही मिळणे कठीण. १९३५ च्या उन्हाळ्यानंतर गांधीजींनी हा हिशेब उलटा केला: आठ तासांच्या चोख कामाला आठ आणे मिळाले पाहिजेत, आणि खादीचा भाव त्यावरून ठरला पाहिजे. विक्री सांभाळणारे कार्यकर्ते हादरले. भाव वाढला तर गिऱ्हाईक जाईल, गिऱ्हाईक गेले तर त्याच बायांचे काम जाईल, हा त्यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. आजही कोणत्याही कारखान्यात मजुरीचा प्रश्न निघाला की हेच ऐकू येते, आणि पुष्कळदा ते खरेही असते.

त्याच सुमारास वर्ध्याजवळ नालवाडीस विनोबांनी एक प्रयोग केला. रोज आठ तास सूत कातावयाचे आणि कातणारीला मिळते तेवढ्याच मजुरीत आपले जेवण भागवावयाचे. समित्यांच्या अहवालांपेक्षा या प्रयोगाने अधिक सांगितले. त्या मजुरीत माणूस जेमतेम जगतो, धड जगत नाही. ऑक्टोबर १९३५ मध्ये संघाने किमान मजुरीचे तत्त्व स्वीकारले. आठ आण्यांपर्यंत त्याला कधी पोचता आले नाही. पण दर वाढले, खादीही महागली, आणि कातणारीला प्रथमच असे वाटले की या दुकानात तिच्या नावाचेही एक खाते आहे.

या साऱ्याचे फळ काय? १९४० सालचा हिशेब गांधीजींनीच नोंदवून ठेवला आहे. त्या वर्षी कमीत कमी १३,४५१ खेड्यांत विखुरलेल्या २,७५,१४६ लोकांना कातण्या-विणण्याबद्दल ३४,८५,६०९ रुपये मिळाले. कातणाऱ्यांत बहुसंख्य बायका. या आकड्यांचा भागाकार करून पाहिला तर दोन गोष्टी दिसतात. एका खेड्यामागे सरासरी वीस माणसे! एका छपराखाली हजार मजूर असलेल्या गिरणीचा मॅनेजर ज्याला अवघड म्हणतो ते काम, तेरा हजार ठिकाणी कापूस पोचवून, सूत मोजून, पैसे चुकते करून चालले होते. कारभाराची कमाल म्हणावी ती ही.

दुसरी गोष्ट मात्र मान खाली घालायला लावते. माणशी वर्षाला पावणेतेरा रुपयेही पडत नाहीत. बहुतेक जणी फावल्या वेळात कातीत हे खरे. दुष्काळात बारा रुपयांनी घर तरते हेही खरे. तरी १९२९ च्या त्या बक्षिसाच्या अटीतले १५० रुपयांचे यंत्र या सरासरी कमाईतून घ्यावयाचे म्हटले तर जवळजवळ बारा वर्षांची मिळकत त्यात गेली असती. एवढ्या बारकाईने लिहिलेल्या अटींत विकत घेणारीची ऐपत ही अट निसटली होती. समग्र दृष्टी हे कात्झचे तिसरे कौशल्य सर्वांत दुर्मीळ का, ते येथे कळते. येरवड्याच्या कोठडीतला पेटी-चरखा लाखाच्या बक्षिसाशिवाय झाला आणि पसरला. त्याचे एक कारण हेच की तो करताना वीस वर्षांचे आयुष्य आणि सोळा हजार फुटांचे उद्दिष्ट यांपेक्षा समोरची अडचण आणि हाताशी असलेले साधन यांकडे अधिक लक्ष होते.

खादीने गिरणीला हरविले नाही. स्वातंत्र्यानंतर अंबर चरखा आला, सरकारी आयोग आला, सवलती आल्या. पण कापडाचा बाजार यंत्राकडेच राहिला. तेव्हा यशाच्या नेहमीच्या मापाने हा उद्योग नापास ठरेल. पण नापास ठरलेल्या विद्यार्थ्यांची नावे शाळांना देत नाहीत, आणि येथे तसे झाले आहे. मुंबई विद्यापीठाने १९६५ साली व्यवस्थापन शिकविणारी संस्था काढली, तिला चरखा संघाच्या कोषाध्यक्षाचे, जमनालाल बजाजांचे, नाव आहे. मुंबई राज्याचे अर्थमंत्रिपद सोडून खादी-ग्रामोद्योगाचा कारभार हाती घेणाऱ्या वैकुंठभाई मेहतांचे नाव पुण्यातल्या सहकारी व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय संस्थेला आहे. तेथून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणांना नफा-तोटा, बाजारपेठ, संगणक या साऱ्यांचे ज्ञान असते, आणि ते असलेच पाहिजे. येरवड्याच्या काचेच्या इमारतींत त्यांतले कितीतरी जण आज बसले असतील. त्यांना या गोष्टीतून घेण्यासारखे आहे ते थोडक्यात असे: देखरेखीचे काम करण्यापूर्वी ते स्वतः हाताने करून पाहावे, अट घालावयाची ती मोजता येईल अशी घालावी आणि मग पाळावी, जागेवरच्या माणसाला जागेवरचा निर्णय घेऊ द्यावा, वाईट बातमी पहिल्या पानावर येऊ द्यावी, आणि भाव ठरविण्यापूर्वी ज्याच्या हातून माल निघतो त्याच्या ताटात काय पडते ते पाहावे.

दिवाळीत आपल्याकडे व्यापारी वह्यांची पूजा करतात आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘शुभ लाभ’ लिहितात. हे दोन शब्द पूर्वजांनी याच क्रमाने का लिहिले, याचा विचार वही उघडताना क्षणभर केला, तरी कारभाराची अर्धी विद्या हाती येईल.